नावापुढचा शब्द

रात्रीचे साडेनऊ होऊन गेले होते. शटर अर्धं खाली ओढून मी गल्ल्याचा हिशेब लावत होतो, तेवढ्यात त्या बाई वाकून आत आल्या. गेली सहा वर्षं दर महिन्याच्या सात-आठ तारखेला त्या मुलीच्या गोळ्या न्यायला येत. त्या दिवशी हातात चिठ्ठी नव्हती. म्हणाल्या, “दादा, आमच्या पोरीचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये कुठल्या नावानं हाय? जरा दाखवता का?”

मी काढून दाखवला. मुलीचं नाव, आणि त्यापुढे एक शब्द. फिट.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हेच नाव तिकडं उमटलं.”

तिकडे म्हणजे मुलाकडे. स्थळ चांगलं होतं, दोन्हीकडून पसंती झाली होती, बैठक ठरायची होती. तोवर दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून नंबर दिले-घेतले गेले. मुलाने तिचा नंबर अजून सेव्ह केला नव्हता. तिने पहिला फोन लावला तेव्हा त्याच्या मोबाईलवर आकडे दिसायला हवे होते, पण दिसलं नाव, आणि ते मी लिहिलेलं. अनोळखी नंबर कोणाचा हे सांगणारं एक ॲप त्याच्याकडे होतं. तेच ॲप माझ्याकडेही होतं, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. त्या मुलीच्या मोबाईलमध्ये ते कधीच नव्हतं.

“आम्ही सांगणारच होतो, दादा,” बाई म्हणाल्या. “बैठकीत, डॉक्टरांची फाईल म्होरं ठेवून. चार वर्षं झाली, एकदाबी आली नाही तिला. ते बी सांगायचं होतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. शटरखालून वाकून निघून गेल्या. मी हिशेब तसाच ठेवला.

माझं मेडिकल सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकान वडिलांनी काढलं, मी डी. फार्म. करून त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि आता सगळा व्याप मीच बघतो. अशा गावात एकेका आडनावाची पन्नास-पन्नास घरं असतात. जाधव म्हटलं तर कुठले जाधव? म्हणून मी नंबर सेव्ह करताना नावापुढे औषध किंवा आजार लिहीत गेलो. जाधव शुगर. जाधव बीपी वरची आळी. जाधव पंप. रात्री अकराला फोन वाजला आणि “जाधव पंप” दिसलं, की चप्पल पायात सरकवतानाच मला कळलेलं असे की इनहेलर लागणार आहे, आणि तो कुठल्या कप्प्यात आहे. त्या एका शब्दाने कितीतरी वेळा पाच मिनिटं वाचवली आहेत, आणि दम्याच्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे काय ते ज्याच्या घरात दमा आहे त्याला विचारा. हे लिहिण्यात मला कधी गैर वाटलं नाही. ते माझ्यापुरतं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

ते ॲप मी घेतलं त्याला कारण होतं. दिवसभर अनोळखी नंबरांवरून फोन येतात. कोणी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी असतो, कोणी स्टॉकिस्टचा, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याचा नवा माणूस, कोणी क्रेडिट कार्ड विकणारा. काउंटरला चार माणसं उभी असताना कुठला फोन उचलायचा हे कळावं, एवढीच गरज होती. ॲप उघडल्यावर त्याने विचारलं, कॉन्टॅक्ट्स बघू देणार का? मी होय म्हटलं. एक बोट, अर्धा सेकंद.

त्या अर्ध्या सेकंदात नेमकं काय झालं ते मला त्या रात्रीनंतर नीट समजून घ्यावं लागलं. कॉन्टॅक्ट्सची परमिशन दिली की त्या ॲपला सगळी यादी वाचता येते. नाव, नंबर, लिहिलं असेल तर पत्ता, ईमेल, वाढदिवस. यादी एकदा कंपनीच्या सर्व्हरवर गेली की तुमच्या मोबाईलमधून ॲप काढून टाकलं तरी ती तिथेच राहते. एकाच माणसाचा नंबर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेला असतो. अशी काही ॲप्स या नावांतून दाखवायचं नाव निवडतात. त्या मुलीचा नंबर फार लोकांकडे नसावा. घरच्यांकडे असेल तर “ताई”, “बाळ” असा असेल. आडनाव-नाव पूर्ण लिहिलेलं, आणि वर एक शब्द जास्तीचा, असं फक्त माझ्याकडे होतं.

माझ्या यादीत तेव्हा १,९४० नावं होती. म्हणजे ॲपने प्रश्न मला एकट्याला विचारला आणि मी उत्तर १,९४० जणांच्या वतीने दिलं. त्यांतल्या एकालाही मी विचारलं नव्हतं. खिडकीत लिहिलेलं असतं “तुमचे कॉन्टॅक्ट्स”, आणि आपण ते वाचून मान हलवतो. पण मोबाईल तेवढा माझा. त्यातली नावं ज्याची त्याची आहेत.

वडिलांच्या वेळची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला काय टोचलं ते कळेल. दुकानात वर्तमानपत्रांचा गठ्ठा काउंटरच्या डाव्या हाताला असायचा. कोणी बाई आली आणि काही न बोलता थांबली, की वडील बाकीच्या गिऱ्हाईकांना आधी मोकळं करत. मग ती हळूच सांगे. वडील कपाटाकडे पाठ न वळवता, मागे हात घालून पाकीट काढत, काउंटरच्या खालीच कागदात गुंडाळत, दोऱ्याचे दोन वेढे देत आणि पुडी पुढे सरकवत. दोराही दाताने तोडत नसत, कात्रीने कापत. पैसे घेताना नजर गल्ल्याकडे. गर्भनिरोधक असो, पॅड असोत, खरजेचं मलम असो, मनाच्या आजारावरच्या गोळ्या असोत, सगळ्यांना तोच कागद आणि तेच दोन वेढे. बाहेरून सगळ्या पुड्या सारख्या दिसत. गावातल्या अर्ध्या लोकांचे आजार वडिलांना ठाऊक होते आणि त्यांच्या तोंडून मी घरी जेवतानासुद्धा कोणाचं नाव ऐकलं नाही. आई विचारायची, “अमक्याच्या घरी काय झालंय हो?” ते म्हणायचे, “मला काय ठाऊक.”

दुकानात एक रजिस्टरही आहे. काही प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, सवय लागू शकेल अशा काही गोळ्या, यांच्यासाठी २०१४ पासून शेड्यूल एच-वनचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. पेशंटचं नाव, लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं आणि ड्रग इन्स्पेक्टरने मागितलं की दाखवायचं. ते मी कुलपाच्या खणात ठेवतो. पोरगा कामाला आहे, पण त्या खणाची किल्ली माझ्याकडे. म्हणजे कागदावरची नावं कुलपात ठेवायची हे मला ठाऊक होतं, वडिलांकडून आलेलं होतं. मोबाईलमधलीही तीच माणसं आहेत हे मात्र सुचलं नाही.

आणि शब्द कुठला बाहेर पडला, तर “फिट”. अपस्माराला आपल्याकडे अजून मिरगी म्हणतात, फेफरं म्हणतात, कांदा हुंगायला देतात, चप्पल नाकाशी धरतात. मुलीला फिट येते म्हटल्यावर स्थळं मागे फिरतात. आपल्या कायद्यातसुद्धा हा शब्द होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींत वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचा उल्लेख आला, आणि वैद्यकाने तो कधीच मागे टाकला असताना कायद्याने १९९९ मध्ये तो वगळला. गावातून तो अजून वगळला गेलेला नाही. ती मुलगी औषध वेळेवर घेते, तिला चार वर्षांत झटका नाही, ती नोकरी करते. हे सगळं सांगायला तिच्या आईवडिलांना एक बैठक हवी होती. एक फाईल, समोरासमोर बसलेली माणसं, चहा, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं. चार वर्षं त्या एका शब्दात मावत नाहीत. आजार लपवावा असं मी म्हणत नाही, त्या आईचंही तसं म्हणणं नव्हतं. कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्या मुलीचं होतं. ते माझ्या मोबाईलने तिच्या हातून काढून घेतलं.

त्या आठवड्यात गुरुवारी, बाजार बंद असतो तेव्हा, मी माझ्या मुलीला घेऊन बसलो. ती बारावीत आहे. म्हटलं, या फोनमध्ये कोण काय बघतंय ते सगळं मला दाखव.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर. मी आजवर एकेक ॲप उघडून बघायचो. इथे उलटं आहे. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, एसएमएस अशी दारं मांडलेली असतात, आणि दारावर बोट ठेवलं की आत कोणकोण बसलंय ते दिसतं. कॉन्टॅक्ट्सच्या दारात माझ्याकडे तेवीस ॲप्स होती. पंचांगाचं. सणावाराचे शुभेच्छा बॅनर करायचं. स्टॉकिस्टकडे ऑर्डर टाकायचं. मुलीने पाचवीत असताना घेतलेला एक खेळ, जो आता ती ओळखतही नव्हती. मी एकेक बंद करत गेलो आणि प्रत्येक वेळी ते ॲप उघडून पाहिलं की काही अडतंय का. पंचांगाने तिथी दाखवली. बॅनरवर फोटो बसला. ऑर्डर गेली. तेविसातल्या वीस ॲप्सना माझ्या लोकांची नावं कशालाच लागत नव्हती.

माझा पहिला स्मार्टफोन २०१४ चा. तेव्हा ॲप घेतानाच सगळ्या परमिशनांची यादी समोर यायची आणि ती सगळी मान्य करायची नाहीतर ॲप सोडून द्यायचं, एवढंच हातात होतं. लोडशेडिंगमुळे मी सगळ्यात आधी टॉर्चचं ॲप घेतलं होतं. अमेरिकेत त्याच सुमारास, डिसेंबर २०१३ मध्ये, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये असलेल्या एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली होती, कारण उजेड पाडता पाडता ते लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना देत होतं. इकडे आमच्यापर्यंत तेव्हा काही पोचलं नाही. २०१५ च्या अँड्रॉइड सहापासून परमिशन त्या त्या वेळी, एकेक करून विचारायची पद्धत आली. २०१९ मध्ये लोकेशनसाठी “ॲप वापरत असतानाच” असा पर्याय आला, पुढच्या वर्षी “फक्त या वेळी”. बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परमिशन आपोआप काढून घ्यायची सोयही तेव्हाचीच. २०२१ च्या अँड्रॉइड बारामध्ये कोपऱ्यातला हिरवा ठिपका आला, कॅमेरा किंवा माईक चालू असल्याचा. म्हणजे चाव्या हळूहळू का होईना आपल्या हातात येत होत्या. मी त्या घेतल्या नव्हत्या.

प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत कोणी काय वापरलं त्याची वेळ दिसते. ऑर्डरच्या ॲपने रात्री, दुकानही बंद आणि मीही झोपेत, तेव्हा लोकेशन घेतलेलं दिसलं. मी त्याला कधीतरी “नेहमी” असं देऊन ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, “बाबा, याला तुम्ही कुठे झोपता ते कशाला हवंय?” मी ते काढलं. ऑर्डर आजही व्यवस्थित जाते.

पण प्रत्येक विचारणाऱ्याला चोर समजणं बरोबर नाही, हेही दुकानातच शिकलो. साखर मोजायची काही मशीन्स ब्लूटूथवरून मोबाईलला जोडतात. एक निवृत्त गुरुजी ते मशीन घेऊन परत आले. म्हणाले, रक्तातली साखर मोजायला मी कुठे आहे ते कशाला लागतं? प्रश्न अगदी रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शोधलं. आजूबाजूला कुठली ब्लूटूथ यंत्रं आहेत हे कळलं तर त्यावरून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून अँड्रॉइडने असा शोध घेणाऱ्या ॲपला लोकेशनचीच परमिशन घ्यायला लावली होती. म्हणजे फोन आपल्याला सावध करत होता आणि आपल्याला वाटत होतं मशीन लबाड आहे. अँड्रॉइड बारापासून “जवळची डिव्हाइस” अशी वेगळी परमिशन आली आणि हा घोळ बराचसा मिटला. गुरुजींचा फोन जुना होता. त्यांना सांगितलं, मशीन जोडताना द्या, काम झालं की काढा. आता ते आठवड्यातून एकदा, डायरीत आकडा लिहितात तसंच, चष्मा लावून तेही करतात.

फोटोंचं दार मला सगळ्यात जड गेलं. लोक चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि तो माझ्या गॅलरीत आपोआप उतरतो. मी गॅलरी उघडून खाली खाली सरकवत गेलो. पोरीच्या वाढदिवसाचा केक, त्याखाली कोणाचा तरी एचआयव्हीचा रिपोर्ट. शेतातली ऊसतोड, त्याखाली गर्भपिशवीची सोनोग्राफी. गणपतीची आरास, मग मनोविकार तज्ज्ञांच्या लेटरहेडवरच्या तीन चिठ्ठ्या. आणि ही गॅलरी मी बॅनरच्या ॲपला पूर्ण उघडून दिली होती, दिवाळीच्या शुभेच्छांवर दुकानाचा फोटो लावायचा म्हणून. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी नावाचं बटण आहे, ते बंद केलं की त्यानंतर आलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत. ते तिथल्या तिथे बंद केलं. जुन्या चिठ्ठ्या दोन रात्री बसून पुसल्या. अँड्रॉइड चौदा असलेल्या फोनमध्ये ॲपने फोटो मागितले तर सगळे न देता निवडलेले चारच देता येतात. कॉन्टॅक्ट्सचं मात्र माझ्या फोनवर अजून सगळे किंवा काहीच नाही असंच आहे. आयफोनवर २०२४ पासून निवडक नावं देता येतात म्हणे माझा भाचा, त्याने काढून दाखवलंही. ही सोय सगळ्यात आधी स्वस्त फोनांवर यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. इथे आमच्याकडे लोकांच्या हातात तेच फोन आहेत.

फोनबुक एवढं मोलाचं का असतं हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. २०२१ मध्ये माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने मोबाईलवरच्या एका ॲपवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं. आईचं ऑपरेशन होतं. मला सांगितलं नाही, संकोचला असेल. हप्ता चुकल्यावर दुकानाच्या फोनवर कोणीतरी हिंदीत शिव्या घालायला लागलं. त्याच्या मामाला, शाळेतल्या मित्रांना, ज्या मुलीशी त्याचं ठरत होतं तिच्या भावाला, सगळ्यांना फोन गेले. त्याचा फोटो लावून “चोर” लिहिलेलं चित्र गेलं. सोनं गहाण नव्हतं, सातबारा नव्हता. त्याने ओळखीची माणसं गहाण टाकली होती, आणि हे त्याला ठाऊकही नव्हतं. पुढे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत स्पष्ट सांगितलं की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाईली, कॉन्टॅक्ट्स, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन एकदा घेता येईल, तेही कर्जदाराच्या स्पष्ट संमतीने. २०२३ मध्ये गुगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. पण लिंकवरून येणारी, प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स हे काही पाळत नाहीत. लग्नाची पत्रिका म्हणून येणारी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, तशीच. उघडली की ती एसएमएस वाचायला मागते, ॲक्सेसिबिलिटी मागते. ही ॲक्सेसिबिलिटी खरं तर दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवायला केलेली सोय, पण ती मिळाली की ॲप आपल्या वतीने बटणंसुद्धा दाबू शकतं. पत्रिकेला तुमचे ओटीपी लागत नाहीत. काउंटरवर मी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर मोठ्या अक्षरात लावून ठेवला आहे. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात फोन लावावा, पोलीस ठाणं शोधत बसू नये.

कायद्याचंही थोडं वाचलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, आणि त्यांनी त्या निकालपत्रात आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं सांगणारा १९७६ चा जबलपूर खटल्याचा निवाडा चुकीचा ठरवला. तो निवाडा देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. हे वाचताना मी थोडा थांबलो. माझ्या बाबतीत वडील बरोबर होते आणि मुलगा चुकला होता.

मग २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. कायदा वाचायला कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं. पण त्यात समजावून सांगायला उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं एक वाचून मी उठून बसलो. एक बाई डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळवून देणारं ॲप घेते. ॲप दोन गोष्टी मागतं, सल्ल्यासाठी लागणारी तिची माहिती आणि तिचे फोनमधले कॉन्टॅक्ट्स. ती दोन्हींना होय म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत, तेव्हा तिचं होय फक्त पहिल्यापुरतंच धरायचं. बोटाने होय दाबलं तरी! संमती कशाला दिली हे ठरवताना कामाला काय लागतं ते बघायचं, हे मला फार पटलं. पुडी बांधणारा माणूसही हेच करतो. औषध द्यायला जेवढं विचारावं लागतं तेवढंच विचारतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे असंही त्यात आहे. आपल्या आज्ज्यांना मराठीत विचारलं गेलं, “तुमच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर आम्हाला देता का?”, तर किती जणी होय म्हणतील?

पण त्या उदाहरणातही प्रश्न त्या बाईच्या संमतीचाच आहे. तिच्या यादीतल्या माणसांना विचारायला कोणी जात नाही, आणि कायदा कितीही नीट लिहिला तरी प्रत्येक “होय”च्या वेळी त्या १,९४० जणांना बोलावून आणता येणार नाही. त्यांच्या वतीने तिथे मी एकटा असतो, माझं बोट असतं. दुसरं म्हणजे, दुकानदार म्हणून गिऱ्हाइकांची माहिती मोबाईलमध्ये बाळगणारा मीसुद्धा या कायद्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. नुसता तक्रार करणारा नाही.

तर मी नावं बदलायला बसलो. रोज रात्री दुकान बंद केल्यावर अर्धा तास. जाधव शुगरमधला शुगर पुसायचा, पुढे आळी लिहायची, किंवा घराची खूण. पिंपळाशेजारी. सोसायटीसमोर. एकतीस रात्री लागल्या. आजार एका वहीत गेले, आणि वही एच-वनच्या रजिस्टरशेजारी कुलपात. याची किंमत आहे आणि ती मला दिसते. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला फोन आला, नाव आलं जाधव पिंपळाशेजारी, आणि समोरचा माणूस धापत होता, त्याला नीट बोलता येत नव्हतं. पूर्वी एका नजरेत कळलं असतं. मला दोन वाक्यं जास्त विचारावी लागली. पंप घेऊन पोचलो, वेळेत पोचलो, पण परत येताना गाडीवर हात थरथरत होते. तरीही नावं पूर्ववत केली नाहीत. त्याच आठवड्यात तीस-चाळीस नेहमीचे पंपवाले आहेत त्यांचे नंबर मी पाठ करायला घेतले. वडिलांना पाठ असायचे, लँडलाईनच्या काळात.

ज्या ॲपमुळे हे झालं त्याची परमिशन काढली, ॲपही काढलं. पण गेलेलं नाव परमिशन काढून परत येत नाही. त्या कंपनीच्या साइटवर आपला नंबर त्यांच्या यादीतून काढायचा एक फॉर्म होता. तो ज्याचा नंबर त्यानेच भरायचा. म्हणजे जिने ॲप कधी घेतलं नाही, जिला कोणी विचारलं नाही, तिने जाऊन मला काढा अशी विनंती करायची. मी तिच्या आईला फोन करून माफी मागितली आणि हे सांगितलं. त्यांनी फॉर्म भरला. काही दिवसांनी ते नाव दिसायचं बंद झालं. स्थळाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं तरी इथे लिहिणार नाही.

दोन महिने त्या आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात मुलगी स्वतः आली, आजीसाठी तापाच्या गोळ्या न्यायला. पैसे दिले, आणि गिऱ्हाईक कमी झाल्यावर म्हणाली, “काका, माझा नंबर काढून टाका.”

मी म्हटलं, पुढचा शब्द कधीच पुसलाय बाळा, आता नुसतं नाव आहे. मोबाईल तिच्यापुढे धरला.

ती म्हणाली, “नावपण.”

मी तिच्यासमोर डिलीट केला. विचारलं, आणखी कुठे बघायचं का? तिने मोबाईल हातात घेतला, कॉलची यादी काढली, त्यातलेही तिचे दोन कॉल पुसले आणि परत दिला.

तिच्या गोळ्यांचा तो ब्रँड मधूनमधून मिळत नाही. पूर्वी माल आला की मी फोन करायचो, आणि झटक्याच्या औषधात एकही दिवस खाडा होऊन चालत नाही. आता फोन करता येत नाही. मी एक बॉक्स जास्तीचा मागवतो आणि काउंटरखालच्या डाव्या खणात ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून. वर फक्त एक्स्पायरीची तारीख लिहिली आहे.